वेबसाइटीचं दावं

बैलाचे दात बगून वय सांगणारी माणसं आमच्या भागात आता हाताच्या बोटावर राहिली. त्यातला एक मी, चंद्रभान. शाळा तिसरीत सोडली. गुरुजीनं मारलं म्हणून न्हाई, वडलामागं बैलबाजारात हिंडायला जास्ती मजा यायची म्हणून. देवगाव फाट्याच्या अलीकडं रस्त्याला लागून घर हाय, अंगणात मोठा कडूलिंब हाय, आन चाळीस वर्सं धंदा एकच. जोड्या जुळवायच्या. माणसाच्या न्हाई, बैलाच्या.

हा धंदा जबानीवर चालतो. विकणारा आन घेणारा माझ्या उपरण्याखाली हात घालतेत, बोटं दाबून भाव करतेत, आन मधी मी उभा. बैल मारका हाय का, औतात मधीच बसतो का, जुवानं खांदा सुजलाय का, हे मी सांगायचं. मी "खोट न्हाई" म्हणलं की तिथं विषय संपला.

त्या जबानीला एका वेबसाइटीनं मातीत घातलं. मंग दुसऱ्या वेबसाइटीनं ती वर कशी काढली, ते सांगतो. बसा.

झालं आसं, की ट्रॅक्टर आले आन बैल कमी झाले. एका गावात चार जोड्या राहिल्या तर घेणाऱ्यानं बगायला जायचं कुठं? म्हणून आमच्या शेतकरी गटानं ठरवलं, वेबसाइट काढायची. कुणाची जोडी विकायची हाय, तिचा फोटो, दात, रंग, गाव, सगळं तिथं टाकायचं. गटाचे अध्यक्ष गुरुसिद्धप्पा. वालूरला त्यांचं दावी, कासरे आन घुंगरमाळांचं दुकान हाय. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, तोंडात सदा सुपारी. माणूस सोन्यासारखा, फक्त चकाकणाऱ्या वस्तूवर लवकर भाळतो.

अप्पांनी शहरातून एक वेबसाइटवाला धरून आणला. इन केलेला शर्ट, बोलायला गोड. त्यानं साइट बनवली, दुकानात कार्यक्रम झाला, नारळ फुटला. शेवटी तो म्हणला, "चंद्रभानजी, पासवर्ड कुणाकडं देऊ?"

मी म्हणलं, "म्हंजी काय?"

"चावी हो. हिच्यानं आत जाऊन बदल करता येतेत."

मी हसलो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आन तिथंच मी चुकलो. आमच्याकडं दस्तूर हाय. जनावर विकलं की जनावर द्यायचं, दावं द्यायचं न्हाई. ते विकणाऱ्यानं सोडून घ्यायचं आन आपल्या दावणीला टांगायचं. दावं गेलं की दावणीची बरकत गेली म्हणतेत. मी लय मोठ्या मनानं म्हणलं, "साहेब, दावं तुमच्यापाशीच ठिवा. आमी दुसऱ्याची बरकत घेणारी माणसं न्हाई."

त्याला आधी कळलंच न्हाई. मंग जवा कळलं, तवा त्याचे डोळे आसे चमकले! अप्पांनी दुकानातलं नवं सुताचं दावं काढलं, मी ते हारासारखं त्या माणसाच्या गळ्यात घातलं. टाळ्या पडल्या. फोटो निघाला. साइटीचं नावबी त्याच्याच नावावर राहिलं, कारण ते कुणाच्या नावावर असतं हेच आमाला ठाऊक न्हवतं.

अकरा महिने बरं चाललं. मंग एका लालकंधारी जोडीचा सौदा झाला. मी त्याच दिवशी वेबसाइटवाल्याला फोन लावला, जोडी गेली, काढून टाका. तो म्हणला उद्या काढतो. उद्या म्हणला सोमवारी. आसे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी लिंबाखाली एक पिकअप येऊन थांबला. आतून उतरला आदिनाथ, गंगाखेडकडचा शेतकरी. पहाटं निघालेला, संगं भाऊ, पोराला शाळा बुडवून आणलेलं, आन हातात नवीकोरी दोन दावी.

"कुठाय जोडी?"

मी म्हणलं, "ती तर गेली, बारा दिवस झाले."

त्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "हे काय हाय मंग? आज सकाळी बगून निघालोय. खाली तुमचंच नाव हाय ना? चंद्रभान, देवगाव फाटा?"

आजूबाजूला हॉटेलातली, एसटीची वाट बगणारी धा-पंधरा माणसं. सगळ्यांच्या देखत. आदिनाथ ओरडला न्हाई, तेच वाईट झालं. हळूच म्हणला, "तुमच्या जबानीवर आलतो, दलाल. चाळीस वर्साची हाय म्हणून ऐकलं होतं." आन ती दोन दावी गुंडाळून पिकअपमधी टाकली.

त्या दिवशी मी उपरणं धुतलं, घडी केली, पेटीत ठिवलं. बायनाबाईला, म्हंजी आमच्या घरातल्या मालकिणीला सांगितलं, "हा माणूस आपल्या हातानं माझ्या उपरण्याखाली हात घालील तवाच मी सौदा करीन. तवर न्हाई."

"आन तवर खायचं काय? उपरणं?" ती म्हणली. पण तिनंबी वळखलं, हे खरं हाय.

मी वेबसाइटवाल्याला फोन केला. म्हणलं, साहेब, ती चावी आमाला द्या. तो अजिबात चिडला न्हाई. म्हणला, "चंद्रभानजी, तुमीच दिलती. फोटो हाय माझ्याकडं, गळ्यात दावं घातलेला. साइटीचं नाव माझं, आतली यंत्रणा मी बनवलेली. तुमी फक्त सांगत जा, मी बदलत जाईन."

मी बायनाबाईला म्हणलं, "बग, दस्तूर पाळला आन फसलो."

ती ज्वारी निवडायलती. मान वर न करता म्हणली, "दस्तूर अर्धाच पाळला तुमी. विकणारा दावं देत न्हाई, बरोबर. पण घेणारा आपलं दावं घरून आणतो. त्या आदिनाथानं न्हवतं का आणलं? तुमी बैल आणायला रिकाम्या हातानं गेलते."

आयला! चाळीस वर्सं जोड्या जुळवल्या आन ही गोष्ट मला बाईनं ज्वारी निवडता निवडता सांगितली. मी तिथून उठलो आन सरळ वालूर गाठलं.

वालूरला संघप्रियाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. पोरगी परभणीला कम्प्युटर शिकलेली, तोंडानं फटकळ. तिला सगळं सांगितलं. फोटोची गोष्ट ऐकून ती टेबलावर डोकं टेकून हसली.

"मामा, खरंच गळ्यात घातलं?"

"हसून झालं का? आता सांग, आपलं दावं कुठं मिळतंय?"

तिनं डोळे पुसले आन सांगितलं. वेबसाइटीच्या आत एक यंत्रणा असती. मजकूर ठिवायची, फोटो लावायची, काढायची. तिला सीएमएस म्हणतेत. ती एकट्याच्या मालकीची असली की आपण त्याच्या दारात बांधलेलो. पण काही यंत्रणा ओपन सोर्स असतेत. जगभरातल्या माणसांनी मिळून केलेल्या, आतला सगळा कारभार उघडा. कुणीबी वापरावी, कुणीबी दुरुस्त करावी.

मी म्हणलं, "म्हंजी गायरान."

"हां! गायरान. चरायला सगळ्याला मोकळं, पण जनावर ज्याचं त्याचं."

"आन तसली गायरानं किती हायत?"

"लय हायत. आपल्या कामाची तीन सांगते. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल."

"चांगली कोणती?"

"तिन्ही चांगली."

"पोरी, आसं मी गिऱ्हाइकाला सांगितलं आसतं तर धंदाच झाला नसता. मला तिन्ही जुपून दाव."

पण आधी गटाची बैठक निघाली. वेबसाइटवाल्याशी ठरलेलं वर्स महिनाअखेरीला सरत होतं, आन त्यानं अप्पांना नव्या साइटीचा नमुना दावला होता. अप्पा खुशीत. फोन सगळ्यांच्या कानाजवळ न्यायलते. "बगा, बैल मान हलवतो आन घुंगरं वाजतेत! आवाज ऐका, माझ्या दुकानातलाच वाटतो."

मी म्हणलं, "अप्पा, घुंगरं वाजतेत, पण दावं?"

संघप्रियानं गायरानाची गोष्ट सांगितली. अप्पांनी सुपारी ह्या गालातून त्या गालात नेली. "पोरी, फुकटात मिळतंय म्हंजी काहीतरी खोड असणार."

"अप्पा, गायरान फुकट हाय. गोठा फुकट न्हाई. साइटीच्या जागेचं आन नावाचं भाडं लागतंयच, पण ते गटाच्या नावावर राहील. आन गायरानबी राखावं लागतंय. वेळोवेळी सुधारणा येती, ती लावावी लागती. न्हाई लावली तर चोर शिरतेत."

"आन बिघडलं तर? इथं एक माणूस तरी हाय. गायरान बिघडल्यावर कुणाची कॉलर धरायची?"

सवाल खरा होता. सगळे माझ्याकडं बगायले. माझ्यासंगं आलेल्या बायनाबाईचा मागून आवाज आला, "अप्पा, आदिनाथ आला त्या दिवशी तुमी कुणाची कॉलर धरली?"

अप्पांनी सुपारी चावली. मंग म्हणले, "ठीक हाय. शुक्रवारी चंद्रभानच्या लिंबाखाली. दावा तिन्ही जुपून. पण मी बगणार डोळे उघडे ठिवून. न्हाई पटलं तर घुंगरंवाली."

शुक्रवारी गट सगळा जमला. संघप्रियानं तिन्हीवर एक-एक नमुन्याची साइट उभी करून आणलती. मी म्हणलं, आज मी हिला बैलासारखं बगणार.

"दात सांग आधी. वय काय?"

"तिन्ही वीस वर्साच्या पुढं, मामा. आन तिन्ही अजून कामावर. सुधारणा येत राहतेत."

"जुळलेले हायत म्हंजी, दात पुरे आलेले. बरं. कुणाकुणाच्या औताला हायत?" तिनं दुकानं, शाळा, वर्तमानपत्रं, मोठमोठी कार्यालयं, आसं काय काय उघडून दावलं. "आजारी पडला तर डॉक्टर किती लांब?" तिनं आधीच फोन करून ठिवले होते. सेलू, मानवत, परभणी. जूमलाचा एक, ड्रुपलचा एक, वर्डप्रेसचे पाच जाणते सापडले. अप्पांनी पाचही नंबर आपल्या वहीत उतरवून घेतले. तवाच मला वाटलं, म्हातारा हलला.

"आता दावं. ह्यातला सगळा माल उचलून दुसऱ्या गोठ्यात बांधता येतो का?"

तिनं सगळ्यांसमोर एका साइटीतल्या जोड्या, मजकूर, फोटो सगळं बाहेर काढलं, दुसऱ्या जागेवर नेऊन उभं केलं. चहा थंड होईस्तोवर काम झालं. सटवाजी म्हणून आमचा एक गटवाला हाय, दुसऱ्या एका लालकंधारी जोडीचा मालक, तो म्हणला, "आन हे कुणाला इचारावं लागलं न्हाई?"

"कुणालाच न्हाई, काका."

"मंग हेच घ्या की!"

"थांब मर्दा," मी म्हणलं. "अजून चिखलात कुठं घातलाय? बाजारात तर सगळेच बैल चालतेत."

मी बायनाबाईला बोलावलं. सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा चार यत्ता पुढं, हे ती मला आठवड्यातून एकदा सांगती. फोन साधा, काच तडकलेली, लिंबाखाली रेंज दोन काड्या. मी म्हणलं, कुणी हिला काही सांगायचं न्हाई. संघप्रियानं एकदा करून दावायचं, मंग हिनं एकटीनं सटवाजीची जोडी चढवायची, विकली म्हणून खूण करायची.

पहिलं ड्रुपल. एकदम दणकट. संघप्रिया म्हणली, ह्याच्यात पन्नास गावं, हजार जोड्या, ज्याची त्याची वेगळी परवानगी, सगळं बसवता येतंय. बायनाबाईनं जोडी चढवली, पण मधी दोनदा थांबली. मी म्हणलं, हा सहा बैलांचा नांगर हाय. वस्तू भारी. आपलं रान दोन एकर. जूमलावरबी तिनं काम उरकलं, कुरकुर केली न्हाई, पण वळून वळून संघप्रियाच्या तोंडाकडं बगायली.

मंग वर्डप्रेस. फोटो काढला, नाव टाकलं, दात टाकले, गाव टाकलं. जोडी वर आली. मंग "विकली" ची खूण करायला गेली आन अंगठा सरकला. जोडी गायब!

"आली का पंचाईत!" अप्पा खुर्चीतून उठलेच. "एका अंगठ्यात जोडी गेली! म्हणून म्हणत होतो..."

संघप्रिया पुढं झाली. मी तिचा हात धरला. "कुणी सांगायचं न्हाई म्हणलंय."

बायनाबाईनं पदर खोचला. फोन डोळ्याजवळ नेला, दूर नेला. मंग पुटपुटली, "कचरा. हितं कचरा लिव्हलंय. गेलंय तर कचऱ्यातच गेलं असंल ना, दुसरीकडं कुठं जाणार?" तिथं दाबलं. जोडी तिथं निवांत उभी! तिनं वापस आणली, खूण केली. फोटोवर ठळक अक्षर आलं, "विकली".

तिनं फोन अप्पांच्या हातात दिला. "घ्या. तुमच्या माणसाला अकरा दिवस लागले."

माणसं आशी हसली की लिंबावरचे कावळे उडाले. अप्पा बी हसले. सुपारी थुंकून म्हणले, "घुंगरं मी दुकानात वाजवीन. हेच घ्या." मंग लाजत म्हणले, "पण पोरी... नंतर कवा घुंगरं बसवता येतेत का?"

"बसवता येतेत अप्पा. पण नको."

साइटीचं नवं नाव गटाच्या नावावर घेतलं. जुनं गेलं ते गेलं. चावी संघप्रियानं आमच्यासमोर बदलली, बायनाबाईला दिली. दुसरी प्रत पाकिटात घालून अप्पांच्या तिजोरीत. संघप्रिया म्हणली, "मामा, मी विकणारी हाय. मी काय ठिवू?" मी तिला अप्पांच्या दुकानातलं एक दावं दिलं. तिनं ते दुकानाच्या भिंतीला टांगलंय, अजून हाय.

आन एक गोष्ट आमी आमची घातली. प्रत्येक जोडीखाली एक ओळ. "दावणीला बगितली" आन त्याच्यापुढं तारीख. रोज सकाळी बायनाबाई मालकाला फोन लावती, "जोडी हाय का?" हाय म्हणला की तारीख बदलती. मालकानं फोन न्हाई उचलला तर तारीख जुनीच राहती, बगणाऱ्याला कळतंय.

मी आदिनाथला फोन केला. म्हणलं, नवी साइट काढलीय, बगा. तो म्हणला, "एकदा बगून आलो तेवढं बास," आन ठिवला. मी परत केला न्हाई. मिनत्या करून जबान वापस येत नसती.

वीस-बावीस दिवस गेले. पाडवा झाला. लोक जोड्या बगायला यायचे, मी बैल दावायचो, खोड सांगायचो, पण उपरणं पेटीतच. सौदा त्यांचा त्यांनी करायचा. लोक म्हणायचे चंद्रभान म्हातारा झाला.

मंग एका सकाळी तोच पिकअप. लिंबाखाली थांबला. आदिनाथ उतरला, दार लावलं, आन माझ्यासमोर आला.

"चंद्रभान मामा," तो म्हणला. दलाल न्हाई म्हणला, मामा म्हणला. "बावीस दिवस झाले, रोज सकाळी तुमची साइट बगायलोय. खोटं सापडतंय का म्हणून. तीन मालकांना मी स्वतः फोन लावले, जोडी हाय का इचारायला."

"मंग?"

"एक म्हणला विकली. मी म्हणलं सापडला! साइट उघडली, तर तिथं आधीच लिव्हलेलं." त्यानं डोकं खाजवलं. "सटवाजीची जोडी दावा."

सटवाजीला बोलावलं. जोडी आली. चार दाती, लालभडक, वशिंडं आशी ताठ. मी दात उघडून दावले, खूर उचलून दावले, वखराला जुपून शेताच्या दोन फेऱ्या मारल्या. म्हणलं, "डावा जरा भित्रा हाय, हॉर्नला बुजतो. बाकी खोट न्हाई."

आदिनाथ म्हणला, "बुजतो ते साइटीवर बी लिव्हलंय." मंग हात पुढं केला, रिकामा, आन वाट बगायला लागला. "उपरणं कुठाय तुमचं?"

मी घराकडं बगितलं. बायनाबाई दारातच होती. उपरणं तिच्या हातात, घडी मोडलेली. कवा काढलं पेटीतून कुणास ठाऊक.

उपरणं टाकलं. खाली तीन हात गेले. आदिनाथची बोटं खरबरीत, सटवाजीची थंडगार, आन मधी माझी. दोनदा दाबलं, एकदा सोडलं, परत दाबलं. झालं. मी उपरणं वर ओढलं आन ओरडलो, "सौदा पक्का!" फाट्यावरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली एवढ्या जोरात.

सटवाजी आपली दावी सोडायला लागला. आदिनाथनं पिकअपमधून दोन दावी काढली. तीच. गुंडाळी अजून मोडली न्हवती. पहिल्या बैलाच्या गळ्यात गाठ बसते न बसते तोवर माझा फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला, मला कानाला लावून ऐकू येत न्हाई.

"मामा, मी मानवतच्या स्टँडवरून बोलायलोय. तुमच्याकडच्या लालकंधारी जोडीसाठी निघालतो. एसटीत पाय ठिवला आन साइट एकदा बगावी म्हणून उघडली, तर विकली! आत्ताच झालं का?"

मी बायनाबाईकडं बगितलं. तिनं तडकलेल्या काचेचा फोन पदराला पुसला, जसं काही झालंच न्हाई.

"व्हय," मी म्हणलं. "आत्ताच झालं. गाठ बी बसायची हाय."

"वाचवलं तुमी. माझा दिवस गेला असता. उतरलो मी. दुसरी आली की कळवा." फोन ठिवला.

आदिनाथ दुसऱ्या दाव्याची गाठ हातात धरून तसाच उभा होता. मंग खो खो हसायला लागला. "मामा, हा माणूस नशीबवान! त्याला घरचं जेवण मिळणार आज. माझं त्या दिवशी पोराची शाळा, भावाचं काम, सगळं बुडालं."

"आज जेवून जा की इथं."

"जेवतोच. आज हाटणार न्हाई."

मी हॉटेलवाल्याला हाक मारली, "सगळ्याला चहा!" आन उपरणं खांद्यावर टाकून जरा ऐटीत फाट्याकडं निघालो, चार माणसांत मिरवावं म्हणून.

"आवो," मागून बायनाबाई ओरडली, "कुठं चाललात? वालूरहून गोऱ्ह्याची जोडी आलीय, फोटो काढायचाय. त्यातला एक लय हालायलाय, धरा नीट."

मी वापस फिरलो, गोऱ्ह्याची वेसण धरली. तिनं फोन वर केला.

"आन तुमी बी हालू नका," ती म्हणली. "उपरणं दिसू द्या."